अठरा इंची स्पंज

६ जानेवारी
मोजणी चौकी, वरचा बंधारा

प्रिय वहिनी,

फोनची रेंज इथून चार डोंगर पलीकडे आहे, त्यामुळे हे पत्र रसदीच्या जीपबरोबर पाठवतेय. दुकानात आलं की आधी इकडेतिकडे बघ आणि मग फोड. दादा शेजारच्या गाळ्यात पंक्चर काढत बसला असेल तर तुझ्या शिलाई मशीनच्या आड धरून वाच.

गेल्या महिन्यात अकरा ओढ्यांची पाणीपातळी मोजायला मोटरसायकलवरून जे फिरले, त्यात सात पंक्चर झाली. इथले दगड नुसते टोकदार नाहीत, खुनशी आहेत. चाक दगडावर आपटलं की आतली ट्यूब रिम आणि दगड यांच्यात सापडते आणि तिला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात, कुणीतरी चावल्यासारखी. मग मी पट्टीवरचा आकडा वहीत लिहायचा सोडून ट्यूब काढत बसते. परवा वहीत चुकून ‘ओढा क्र. ५ – दोन भोकं’ असं लिहिलं. साहेबांनी खुलासा मागवलाय.

तर मुद्दा असा. मार्चच्या पहिल्या रविवारी डोंगरशर्यत आहे. गेल्या वर्षी मी तिसरी चालले होते आणि शेवटच्या चढावर ट्यूब गेली, हे तुला सांगायला नको. आणि नंतर रागाच्या भरात माईकवर मी जे बोलले तेही सांगायला नको. दहा महिने झाले, दादा माझ्याशी बोलत नाही आणि मीही बोलत नाही. आम्हा दोघांना एकाच आईने वाढवलंय, त्यामुळे आधी कोण बोलणार हे तुला कळलं तर मलाही कळव.

मला कळलंय की शर्यतवाले आता ट्यूबच वापरत नाहीत. टायरच्या आत फोमची जाड रिंग घालतात. हवाच नाही, तर जाणार काय? मोटरसायकलच्या सीटसाठी फोम कापण्यात तुझा हात धरणारा कुणी नाही. मागच्या चाकाचं माप सोबत काढून पाठवलंय. एक रिंग करून देशील का? दादाला कळता कामा नये. टायरमध्ये ट्यूब नाही हे ऐकून तो जेवणार नाही.

तुझी,
भिंगरी


१४ जानेवारी

प्रिय भिंगरी,

पत्र मशीनच्या आड धरूनच वाचलं. हे विचारत होते, काय वाचतेस. म्हटलं, ब्लाउजचं माप आहे. तर म्हणाले, एवढा लांब ब्लाउज कुणाचा.

आधी तुला एक गोष्ट सांगते, जी मी इतके दिवस मुद्दाम सांगितली नव्हती. गेल्या वर्षीची तुझी ती ट्यूब ह्यांनी टाकलेली नाही. गाळ्याच्या दर्शनी भागात खिळ्याला टांगलीय. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी तिच्यापाशी नेतात. ‘हे माझं ठिगळ. ओढून बघा. आणि ही दोन भोकं नवीन, दगडाची. आता तुम्हीच सांगा.’ गिऱ्हाईक घाईत असतं, त्याला हवा भरायची असते, पण ठिगळ ओढून बघितल्याशिवाय हे हवा भरत नाहीत. मागच्या आठवड्यात एक आजोबा नुसता पत्ता विचारायला आले होते. त्यांनाही ओढायला लावलं.

तू माईकवर ‘ज्याने ट्यूब भरली त्याला जाऊन विचारा’ असं म्हणालीस, आणि लोक खरंच विचारायला आले गं. महिनाभर येत होते.

असो. रिंग केलीय. सीटचा सगळ्यात चांगला पिवळा फोम घेतला, दोन थर चिकटवले, कडा गोल केल्या. इतकी देखणी झालीय की टायरमध्ये घालायला मन होत नाही. गोणीत भरून वर ‘उश्या’ असं लिहिलंय. फोमबद्दल ह्यांच्याकडे सहज विषय काढून पाहिला होता. म्हटलं, हल्ली म्हणे टायरमध्ये फोम घालतात. हे म्हणाले, ‘स्पंज? टायरला आंघोळ घालायचीय का?’ आणि तासभर एकटेच पुटपुटत होते.

जपून चालव.

तुझी वहिनी


२३ जानेवारी
मोजणी चौकी

प्रिय वहिनी,

तुझी रिंग हाताने दाबत दाबत सहज आत बसली. इतकी सहज बसली तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पहिले दोन किलोमीटर म्हणजे स्वर्ग. गादीवरून चालल्यासारखं. तिसऱ्या किलोमीटरला गाडी मागून डुलायला लागली. मला वाटलं, मला झोप येतेय. चौथ्या ओढ्यापाशी थांबून मागे बघितलं तर आख्ख्या वाटेवर पिवळा चुरा. रिमच्या कडेने, स्पोकच्या भोकांतून, जिथून वाट मिळेल तिथून तुझी रिंग बाहेर पडत होती. कुणीतरी डोंगरावर केक कुस्करत गेल्यासारखं दिसत होतं. मी परत फिरले, तर येताना उरलेलाही सांडला.

हे एवढ्यावर संपलं असतं. पण दुसऱ्या दिवशी आमचे कनिष्ठ अभियंता पाहणीला आले. ते फार मन लावून काम करतात. त्यांनी वाटेवरचा पिवळा चुरा चिमट्याने उचलून बाटलीत भरला, आणि पाणलोट क्षेत्रात अज्ञात बुरशी पसरत असल्याचा अहवाल वर पाठवला. बुरशी सरळ रेषेत, वाटेच्या मधोमध आणि फक्त वळणांवर दाट वाढते, अशी त्यांची नोंद आहे. मला विचारलं, तुम्हाला काही माहिती? मी म्हटलं, बघते. आता रोज सकाळी त्या बुरशीची वाढ मोजायचं काम माझ्याकडे आलंय. वारा आला की ती कमी होते, हेही मी प्रामाणिकपणे लिहिते.

चूक तुझी नाही. सीटचा फोम माणसाच्या वजनासाठी असतो. चाकात तो घासला जातो, तापतो आणि त्याचं पीठ होतं. खरा टायरचा फोम काळा, चिवट आणि रबरासारखा घट्ट असतो. तो मी गावात उतरले तेव्हा मागवलाय आणि पत्ता तुझ्या दुकानाचा दिलाय. तो बसवायला मात्र दोन पोलादी मनगटं आणि तीन लिव्हर लागतात. मनगटं कुठून आणायची ते पुढे बघू. आधी तो डबा तेवढा दादाच्या हाती लागू देऊ नकोस.

भिंगरी


४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

डबा दादाच्या हाती लागला.

ऐक, गेल्या आठवड्यात मी फक्त पंधरा मिनिटं एका गिऱ्हाइकाच्या सीटचं माप घ्यायला गेले होते. परत आले तर डबा उघडलेला, आणि तुझा दादा ती काळी रिंग दोन्ही हातांत धरून उभा.  आता ह्यांना काय सांगू? तेवढ्यात ह्यांनीच विचारलं, ‘माझ्यासाठी आणलीस?’

भिंगरी, लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण ह्यांचा असा चेहरा मी दोनदाच पाहिलाय. मी काही बोलायच्या आत म्हणाले, ‘कंबर दुखते म्हणून कुरकुरत होतो, ते तू लक्षात ठेवलंस.’ मग मी म्हटलं, हो.

ह्यांचं बसायचं आसन म्हणजे तो कापलेला लोखंडी पिंप. त्यावर ह्यांनी रिंग ठेवली आणि स्वतः मधोमध बसले. अगदी मापात. ह्यांचा घेर आणि तुझ्या मागच्या चाकाचा घेर यांत सुताचाही फरक नाही. मागे कंबरेला टेका मिळतो, दोन्ही बाजूंना हात ठेवायला जागा होते. घरट्यात अंडं बसावं तसे दिसतात. तिथूनच पंक्चर काढतात. मधूनमधून रिंगेला थोपटतात.

डब्यात मापाचा किंवा माहितीचा कागदही नव्हता, त्यामुळे ही टायरची वस्तू आहे हे ह्यांना कळायला मार्ग नाही. कंबर खरंच बरी आहे म्हणे. काल चहावाल्याला सांगत होते, ‘बायको असावी तर अशी.’ आता ती ह्यांच्याखालून ओढून घ्यायची कशी, तूच सांग.

तुझी वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

शर्यतीला तीन आठवडे राहिलेत आणि माझी शर्यत दादाच्या बुडाखाली आहे.

तीस वर्षं टायरमध्ये हात घातलेल्या माणसाला टायरच्या आकाराची वस्तू ओळखू येत नाही, हे मला पटत नाहीये. पण तू म्हणतेस तर असेल. प्रेमाने माणूस आंधळा होतो, एवढा होतो हे माहीत नव्हतं.

एक कर. तसलीच दुसरी रिंग शिव. आत सीटचा फोम, वरून काळं रेक्झिन. दादा आंघोळीला गेला की बदल. मागचं चाक, टायर आणि बसवायला लागणारं बुळबुळीत मलम जीपबरोबर पाठवतेय. खात्याच्या भंगारातल्या गाडीचं चाक लावून मी तोवर काम भागवते. बाजारातल्या दुसऱ्या कुणाकडून तरी फोम बसवून घे. दादाकडे चुकूनही नको. चाक दिसलं तर सांग, कुणीतरी विसरून गेलं.

बुरशीचा अहवाल वरिष्ठांकडे गेलाय. तज्ज्ञ येणार आहेत.

भिंगरी


१९ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

शांतपणे वाच. चहा घे आणि मग वाच.

तू सांगितलंस तशी रेक्झिनची रिंग शिवली. हुबेहूब. काल सकाळी हे आंघोळीला गेले तेव्हा बदलली आणि खरी रिंग कापडाच्या ताग्यांमागे लपवली. हे आले, पिंपावर बसले, एकदा डावीकडे हलले, एकदा उजवीकडे हलले आणि उठले. म्हणाले, ‘माझी कुठाय?’

म्हटलं, काय कुठाय?

म्हणाले, ‘ही बसल्याबरोबर दबली. माझी तीन आठवड्यांत केसभर दबली नाही. तुझ्या नणंदेच्या चाकाची अठरा इंची रिंग कुठाय?’

मी खुर्चीवर बसले. ह्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. डब्यातला माहितीचा कागद. पहिल्या दिवसापासून ह्यांच्या खिशात होता. इतक्या वेळा वाचलाय की घड्यांवर फाटलाय. मला फार राग आला. म्हटलं, मग ‘माझ्यासाठी आणलीस’ म्हणून एवढा चेहरा कशाला केलात? तीन आठवडे मला रात्री झोप नाही.

तर म्हणाले, ‘तू काय करतेस ते बघायचं होतं. तू हो म्हणालीस. मग मीही म्हटलं, बसू या.’

‘आणि कंबर?’

‘कंबर खरंच बरी आहे. ते खोटं नाही.’

 मग ह्यांनी एका सायकलची हवा भरली, ट्यूबचं ठिगळ ओढायला न लावताच त्या माणसाला जाऊ दिलं. मग म्हणाले, ‘नव्वद किलो तीन आठवडे सहन केले त्या स्पंजाने. गिऱ्हाइकाच्या समोर कधी तक्रार नाही. वस्तू वाईट नाही. चाक तुझ्या मशीनखाली झाकून ठेवलंय ते बाहेर काढ.’

मी म्हटलं, ते कुणीतरी विसरून गेलंय.

म्हणाले, ‘खात्याचा शिक्का आहे त्यावर.’

दीड तास लागला गं. तीन लिव्हर, दोन्ही गुडघे आणि ते मलम. मलम ह्यांच्या कोपरापर्यंत. एकदा रिंग निसटली आणि रस्त्यापलीकडे चहावाल्याच्या बाकाखाली जाऊन थांबली. बसली तेव्हा ह्यांनी टायरवर मूठ मारून बघितली आणि रिमला जिथे हवा भरायचा व्हॉल्व्ह असतो त्या रिकाम्या भोकाकडे बघत राहिले. ‘दात पडल्यासारखं दिसतं,’ म्हणाले. मग त्यात रबराचा एक छोटा बूच ठोकून बसवला.

चाक उद्याच्या जीपने येतंय. निरोप एकच आहे, आणि तोही ह्यांनी मला म्हणून सांगितलाय, तुला म्हणून नाही: कागदावर छापलंय की हा फोम डांबरी रस्त्यावर वेगाने पळवायचा नाही. आत हवा नसते, घासून घासून तापतो आणि वितळतो. शर्यतीला गाडी टेम्पोत घालून ने, टेम्पोत घालून आण.

मी पंचवीस तारखेला माझ्या बहिणीकडे निघतेय, तिच्या सुनेचं बाळंतपण आहे. शर्यतीच्या वेळी मी नसेन. हे येणार नाहीत. दुकान बंद ठेवता येत नाही म्हणतात. पुढचं पत्र बहिणीच्या पत्त्यावर घाल.

तुझी वहिनी


२७ फेब्रुवारी
मोजणी चौकी

प्रिय वहिनी,

चाक मिळालं. टायरवर खडूने लिहिलंय: ‘डांबरावर नाही.’ दादाचं अक्षर. वर्षभरात तो माझ्याशी बोललेला पहिला शब्द टायरवर आला. मी तो पुसू नये म्हणून दोन दिवस गाडी काढलीच नाही. मग काढली आणि तो चिखलात गेला.

वहिनी, काय चालते गाडी. अकरा ओढे केले, ज्या दगडाला मी वळसा घालायचे त्याच्यावरून मुद्दाम दोनदा गेले. काही होत नाही. दगडाचा हिरमोड झालेला दिसला.

तज्ज्ञ येऊन गेले. त्यांनी बुरशी बोटांत दाबली, हुंगली आणि विचारलं, इथे कुणाची सीट फाटलीय का? मी सगळं कबूल केलं. साहेब हसले नाहीत, पण वळून उभे राहिले.

दादाला पत्र लिहायला बसले होते. ‘प्रिय दादा’च्या पुढे काही सुचेना. चार कागद फाडले. तूच त्याला सांग. काय सांगायचं ते मला माहीत नाही.

भिंगरी


६ मार्च

प्रिय सौ. हीस,

पत्राची सुरुवात कशी करतात ते विसरलो, म्हणून मुद्द्यावर येतो. फोन न लागल्याने तू घाबरली असशील. फोन परवा पंक्चर बघायच्या पाण्यात पडला. आश्चर्य म्हणजे बुडबुडे आले.

काल शर्यत झाली. मी गेलो नाही. दुकान उघडं ठेवलं होतं आणि दिवसभरात एक गिऱ्हाईक आलं, तेही सुटे मागायला. दुपारी चारच्या सुमारास एसटीच्या ड्रायव्हरने दारात गाडी हळू केली आणि ओरडून सांगितलं, तुमची बहीण पुलापाशी गाडी ढकलत येतेय. मी हातातला पाना खाली ठेवला की नाही आठवत नाही. समोरच्याचा टेम्पो घेतला आणि निघालो.

पुलाच्या अलीकडे होती. हेल्मेट डोक्यात तसंच. मागचं चाक असं बसलेलं होतं की बघवत नव्हतं. मी खाली बसलो, टायर दाबला. गरम होता, आणि आत काहीतरी डचमळलं.

मी म्हटलं, ‘डांबरावरून आलीस.’

म्हणाली, ‘हो.’

‘किती?’

‘चाळीस किलोमीटर.’

‘वेग?’

‘तो विचारू नकोस.’

‘टायरवर लिहिलं होतं.’

‘वाचलं होतं,’ म्हणाली. मग म्हणाली, ‘टेम्पोवाला बक्षीस समारंभ संपल्याशिवाय निघायला तयार नव्हता. मला तेवढा वेळ थांबवेना. मी दुसरी आले, दादा. कुणाला सांगू तेच कळेना, म्हणून निघाले.’

हेल्मेटमुळे चेहरा दिसत नव्हता. मी काढ म्हटलं नाही.

तुला खरं सांगतो. पुलावर जाईपर्यंत मला मनातून बरं वाटत होतं. म्हटलं, बघा, स्पंजसुद्धा दगा देतो, उगाच ट्यूबला नावं ठेवता. पण ते चाक बघितल्यावर वाईट वाटलं. आतल्या स्पंजावर मी तीन आठवडे बसलो होतो. ओळख झाली होती.

गाडी टेम्पोत चढवताना ती म्हणाली, ‘गेल्या वर्षी तुझं ठिगळ सुटलं नव्हतं. ट्यूब काढली तेव्हाच दिसलं होतं मला.’

मी म्हटलं, ‘मग माईकवर तसं का बोललीस?’

म्हणाली, ‘राग काढायला आपलं माणूस लागतं. तिथे सगळे परके होते.’

 मी टेम्पोची दोरी आवळली. गरजेपेक्षा जास्त आवळली बहुतेक. घरी आल्यावर सोडायला अर्धा तास लागला.

दुकानात टायर उघडला. आतून काळी पातळ खीर निघाली, आणि वास असा की चहावाल्याने शटर ओढलं. दोघांनी मिळून रिम धुतली. तिला घासताना हसू यायला लागलं, मग मलाही. चहावाल्याला वाटलं, वासाने डोक्यावर परिणाम झालाय. त्याने फडकी आणून दिली आणि लांबूनच गेला. ती खिळ्यावरची ट्यूब मी काढली. भिंगरीने ठिगळ ओढून बघितलं, तिला वाटलं म्हणून. निघालं नाही.

आमचं असं ठरलंय: रोजच्या चाकात ट्यूब, शर्यतीच्या चाकात स्पंज, आणि दोन्ही मीच भरणार. बाजारातले चार जण आजच येऊन स्पंजाची चौकशी करून गेले. मी त्यांना सांगितलं, आधी माझ्याजवळ तीन आठवडे ठेवावा लागतो. का ते सांगितलं नाही.

तिने आठ दिवसांची रजा घेतलीय. तू येईपर्यंत जात नाही म्हणते. घरात कालपासून अंडी आणि पाव चालू आहे. काल तिने केली, आज मी केली, दोन्ही वेळा करपली. भांडी बरीच साठलीत. तुझ्या मशीनवर मी पडद्याची शिवण मारायला गेलो आणि काहीतरी अडकलंय, पण ते तू बघशीलच. तुझ्या बहिणीच्या सुनेला आणि बाळाला आशीर्वाद. बाळाचं वजन कळव.

पत्र आजच एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. तू लवकर ये. तुझ्याशिवाय घर चालत नाही, हे मी लिहून देतो. फक्त उद्या येऊ नकोस, परवा ये. उद्या भिंगरी मला मागे बसवून त्या शेवटच्या चढावर नेणार आहे. मी कधी गेलेलो नाही. हेल्मेट चहावाल्याचं मिळालंय, थोडं घट्ट होतं.

तुझा